नोव्हेंबर १९५६ : त्या महिन्यात जगात काय चालले होते?

खानापूरकर :
सप्रेम नमस्कार. १ नोव्हेंबर १९५६ म्हटले की आपल्या भागात राज्य पुनर्रचनेखेरीज दुसरे काही आठवत नाही. त्या दिवशी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला, आणि आजही त्या तारखेला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, तर दुसरीकडे मराठी भाषकांची काळ्या दिनाची निषेध फेरी निघते. गावच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी त्याच महिन्यातील जागतिक घडामोडींवर मला एक पान लिहायचे आहे. जागा बेताचीच आहे. कोणत्या घटना घ्याव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टिळकवाडीकर :
सुएझ (इजिप्तमधील सुएझ कालव्यावरून पेटलेली लढाई) आणि हंगेरी (तेथील सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा उठाव) यांना पाऊण पान द्यावे. मात्र त्या दोन वेगवेगळ्या चौकटींत टाकू नयेत. १ नोव्हेंबरलाच हंगेरीची राजधानी बुडापेस्टमध्ये पंतप्रधान इम्रे नॉज यांनी वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी करारातून, बाहेर पडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा ब्रिटिश आणि फ्रेंच विमाने इजिप्तवर बाँब टाकीत होती. ४ तारखेला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले आणि ५ तारखेला सुएझ कालव्याच्या मुखावरील पोर्ट सैदवर ब्रिटिश-फ्रेंच छत्रीधारी सैनिक उतरले. स्वतःच दुसऱ्याच्या भूमीवर चालून गेलेल्या लंडन आणि पॅरिसला मॉस्कोला जाब विचारायला तोंड उरले नाही. पौंड घसरत असताना अमेरिकेने मदतीचा हात आखडता घेतला, तेव्हा कुठे ६ तारखेच्या मध्यरात्री सुएझची लढाई थांबली. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांची फेरनिवड त्याच दिवशी झाली; तिला एक ओळ पुरे.

निपाणीकर :
वरील क्रम पटला, परंतु भारताची भूमिका गाळून चालणार नाही, आणि ती केवळ गौरवाने लिहिणेही योग्य नव्हे. सुएझवरील हल्ल्याचा नेहरूंनी तात्काळ निषेध केला. हंगेरीबाबत मात्र दिल्लीची जीभ अडखळली, आणि ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तेथे निवडणुका घ्याव्यात या ठरावाच्या विरोधात भारताने मत दिले, ज्यावर देशातही बरीच टीका झाली. पुढे इजिप्तमध्ये गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडी होती. इजिप्तने बुडवलेल्या जहाजांमुळे सुएझ कालवा १९५७ च्या वसंतापर्यंत बंद राहिला, त्यामुळे युरोपातून मुंबईला येणाऱ्या बोटींना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. देशातील एखादी घटना हवी असल्यास तमिळनाडूतील अरियालूरचा रेल्वे अपघात घ्यावा. त्यानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

शहापूरकर :
२२ नोव्हेंबर विसरू नये. युगोस्लाव्ह वकिलातीत आश्रय घेतलेले नॉज सुरक्षिततेच्या आश्वासनावर विसंबून बाहेर पडले आणि लगेच पकडले गेले. त्याच दिवशी मेलबर्न ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. हंगेरीच्या निषेधार्थ नेदरलँड्स, स्पेन व स्वित्झर्लंड, तर सुएझमुळे इजिप्त, इराक आणि लेबनॉन तेथे गेले नाहीत. टिळकवाडीकर म्हणतात तो संबंध या यादीतही दिसतो. हंगेरी आणि सोव्हिएत संघ यांच्यातला गाजलेला वॉटर पोलो सामना, तसेच हॉकीत पाकिस्तानला १-० ने हरवून आपण मिळवलेले सुवर्णपदक, या दोन्ही गोष्टी ६ डिसेंबरच्या आहेत. त्या या पानावर घेता येणार नाहीत.