जॉन प्राइनपासून सुरुवात करा

बॉब डिलननंतर गाण्यातून गोष्ट सांगणारं अजून कोण ऐकावं, असा प्रश्न कुणीतरी विचारलाय, तो वाचून राहवलं नाही. जॉन प्राइन! शिकागोजवळच्या मेवूडमध्ये तो पोस्टमन होता, टपाल वाटता वाटता मनात गाणी जुळवायचा. पहिला अल्बम १९७१चा. त्यातलं 'सॅम स्टोन' आधी ऐका. व्हिएतनामहून जखमी होऊन परतलेला, मॉर्फिनच्या आहारी गेलेला सैनिक. कडव्यांमध्ये निवेदक लांबून सगळं सांगतो, पण ध्रुवपद अचानक त्या सैनिकाच्या लेकराच्या तोंडी येतं, बाबांच्या सुया टोचलेल्या दंडाकडे बघणाऱ्या. तिथे काळीज हलतं. आवाज कुठेही चढत नाही, शब्द साधे, म्हणूनच ते इतकं लागतं.

रॉकचा जोर हवा असेल तर स्टीव्ह अर्लचं 'कॉपरहेड रोड' (१९८८). सुरुवातीला मँडोलिन, अगदी लोकगीताचा बाज, आणि मग ड्रम्स धडाडून येतात. चोरटी दारू गाळणाऱ्या आजोबांपासून व्हिएतनामहून परतून गांजा लावणाऱ्या नातवापर्यंत तीन पिढ्या एका गाण्यात!

नव्यांपैकी जेसन इसबेल. त्याचा २०१३चा 'साउथईस्टर्न' हा अल्बम सलग ऐका, आणि पहिल्यांदा ऐकताना गाण्याचे शब्द समोर ठेवाच.