दोन मजल्यांच्या ऑफिसात मॅनेज्ड स्विच बसवायचेत: क्रम काय ठेवावा? पोर्ट व्हीलॅनमध्ये टाकूनही जुनाच आयपी मिळतोय

मजला_दोन

नमस्कार मंडळी. ऑफिसात आतापर्यंत सगळं साध्या अनमॅनेज्ड स्विचवर चालतं. एकच नेटवर्क, सगळे पत्ते १९२.१६८.१ मधले. आता दोन मजल्यांवर एकेक, असे २४ पोर्टचे दोन मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारे) पीओई (नेटवर्क केबलीतूनच वीज देणारे) स्विच लावायचेत. प्रत्येकाचं पीओई बजेट १९० वॅट, शिवाय १ गिगाबिटचे चार एसएफपी (फायबरचं मॉड्यूल बसवायचे) पोर्ट.

तळमजल्यावर ८ कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, २ ॲक्सेस पॉइंट, ४ आयपी फोन, ६ पीसी, एक फाइल सर्व्हर आणि फायरवॉल. वर ३ ॲक्सेस पॉइंट, ८ फोन, ९ पीसी, २ प्रिंटर. मजल्यांमध्ये दोन कॅट-६ केबली आणि एक मल्टिमोड फायबर आधीच ओढलेली आहे.

पाहुण्यांच्या वायफायवरून ऑफिसचं काही दिसू नये, कॅमेरे इंटरनेटवर जाऊ नयेत आणि फोनचा आवाज तुटू नये, एवढंच हवंय.

काम कुठल्या क्रमाने करू? मजले जोडायला दोन्ही केबली एकत्र बांधू की फायबर वापरू? आणि सध्या अडलोय ते इथे: टेबलावर एक स्विच घेऊन पोर्ट २४ चालू नेटवर्कला जोडला, व्हीलॅन २० (त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) बनवला, पोर्ट ५ त्यात अनटॅग्ड (डेटावर व्हीलॅनच्या नंबराची खूण न लावता) टाकला. तरी पोर्ट ५ वरच्या पीसीला जुन्याच रेंजमधला पत्ता मिळतो. सगळं वेब पानावरूनच केलंय.

पॅचपॅनेल

क्रमाच्या आधी पीओईचा हिशेब करा, कारण तुमचा तळमजला १९० वॅटमध्ये बसत नाही.

उपकरण जोडलं की ते स्वतःचा क्लास (किती वीज लागेल तो गट) सांगतं आणि बरेच स्विच त्या क्लासची कमाल वीज राखून ठेवतात. क्लास २ ला ७ वॅट, क्लास ३ ला १५.४, क्लास ४ ला ३०. फोन क्लास २, कॅमेरे क्लास ३ आणि ॲक्सेस पॉइंट क्लास ४ धरले तर तळमजल्यावर ८ गुणिले १५.४ म्हणजे १२३.२, त्यात ६० आणि २८. एकूण २११.२ वॅट. वरच्या मजल्यावर ९० आणि ५६ मिळून १४६, तिथे प्रश्न नाही. डेटाशीटवर खरे क्लास बघून घ्या, पण साधारण चित्र हेच राहील.

काही स्विच राखीव आकड्याऐवजी प्रत्यक्ष ओढली जाणारी वीज मोजतात. तिथे दिवसा सगळं नीट चालतं, अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, खप वाढतो आणि बजेट संपलं की सर्वांत कमी प्राधान्याचा पोर्ट बंद पडतो. मग लोक 'रात्री केबल खराब होते' म्हणून केबली बदलत बसतात. दोन कॅमेरे वेगळ्या इंजेक्टरवर (केबलीत वीज घालणाऱ्या डब्यावर) टाकले की १८०.४ वर याल. काठावरच आहे, पण बसेल. पुढे एखादा कॅमेरा वाढणार असेल तर खाली मोठ्या बजेटचा स्विच घेणंच शहाणपणाचं. काहीही केलंत तरी पोर्टनिहाय पीओई प्राधान्य लावा: ॲक्सेस पॉइंट आणि फोन वर, कॅमेरे खाली. सुरक्षेला महत्त्व असेल तर उलट. यूपीएस निवडताना पीओईचे १९० वॅट, त्यावर स्विचचा स्वतःचा खप आणि पॉवर सप्लायमधलं नुकसान, हे सगळं धरा.

पीओईच्या केबली शुद्ध तांब्याच्याच हव्यात. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलीचा रोध जास्त असतो, लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पडतं आणि तो रीस्टार्ट होत राहतो.

आता क्रम. आधी कागदावर पोर्ट नकाशा: पोर्ट नंबर, पॅच पॅनेलचा नंबर, पलीकडे काय आहे, कुठला व्हीलॅन, टॅग्ड की अनटॅग्ड. मग दोन्ही स्विच टेबलावरच फर्मवेअर अपडेट, नवा पासवर्ड, वेळ, नाव. टेलनेट आणि साधं एचटीटीपी बंद, एसएसएच आणि एचटीटीपीएस (त्यांचे सुरक्षित पर्याय) चालू. व्हीलॅन आणि मजल्यांमधली जोडणीही टेबलावरच उभी करून तपासा, रॅकमध्ये शेवटी चढवा. रॅकच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन कॉन्फिग करायची हौस कुणाला नसते, आणि चुका तिथेच होतात.

रॅकमध्ये पॅच पॅनेल आणि स्विच एकाखाली एक ठेवा, म्हणजे अर्ध्या मीटरच्या पॅच कॉर्ड पुरतात. पंख्याची हवा कुठून आत येते आणि कुठे बाहेर पडते ते बघून स्विचची बाजू ठरवा. अर्थिंगचा स्क्रू मागे असतो, तो बहुतेकदा तसाच राहून जातो. जोडा.

टॅग्ड_पोर्ट

पोर्ट ५ चं उत्तर: पीव्हीआयडी बदललेला नाही.

अशा वेब पानाच्या स्विचमध्ये एकाच पोर्टसाठी दोन वेगळ्या जागी सेटिंग असतं. व्हीलॅनच्या सदस्य यादीत ठरतं की पोर्टमधून कुठल्या व्हीलॅनची फ्रेम (डेटाचं पाकीट) बाहेर पडेल आणि टॅगसह की टॅगशिवाय. आत येणारी टॅग नसलेली फ्रेम कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायची, हे पीव्हीआयडी ठरवतो. तुम्ही पहिलं केलंत, दुसरं १ वरच राहिलं. त्यामुळे पीसीची डीएचसीपी (आपोआप पत्ता मागायची) विनंती व्हीलॅन १ मध्ये जाते, जुना सर्व्हर उत्तर देतो, आणि पोर्ट ५ अजून व्हीलॅन १ चाही सदस्य असल्याने ते उत्तर पीसीपर्यंत पोचतं. पीव्हीआयडी २० करा आणि पोर्ट ५ व्हीलॅन १ मधून काढा. दोन्ही करायचं.

व्हीलॅन मी असे पाडेन: १० स्विच आणि ॲक्सेस पॉइंटच्या व्यवस्थापनाला, २० ऑफिस, ३० फोन, ४० कॅमेरे, ५० पाहुणे. व्हीलॅन १ मध्ये काहीच ठेवू नका. पत्त्यांचा तिसरा आकडा व्हीलॅनचाच ठेवलात तर डोक्याला ताप नाही: १०.१०.३० फोन, १०.१०.४० कॅमेरे. अपवाद ऑफिसचा. व्हीलॅन २० ला जुनी १९२.१६८.१ रेंजच राहू द्या. प्रिंटर, सर्व्हर आणि ठिकठिकाणी हाताने टाकलेले पत्ते बदलावे लागत नाहीत, निम्मी कटकट वाचते.

त्यासाठी फायरवॉलच्या पोर्टवर २० अनटॅग्ड, पीव्हीआयडी २०, आणि १०, ३०, ४०, ५० टॅग्ड. फायरवॉलवर मूळ इंटरफेसचा १९२.१६८.१.१ हा पत्ता जागेवरच राहतो, बाकी चार व्हीलॅनसाठी उपइंटरफेस (त्याच पोर्टवरचे आभासी पोर्ट) बनवून प्रत्येकावर डीएचसीपी चालू करायचं. दोन स्विचमधल्या जोडणीवर मात्र पाचही व्हीलॅन टॅग्ड. अनटॅग्डला न वापरलेला एखादा, समजा ९९९, दोन्ही टोकांना सारखाच द्या.

ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर १० अनटॅग्ड, २० आणि ५० टॅग्ड. फोनच्या पोर्टवर २० अनटॅग्ड, कारण मागे पीसी जोडलेला असेल, आणि ३० टॅग्ड. फोनला आपला व्हीलॅन ३० आहे हे एलएलडीपी-मेड सांगतं, ते दोन्हीकडे चालू हवं. नाहीतर फोनही २० मध्ये शिरतो, चालतोसुद्धा, आणि प्राधान्य मिळत नाही म्हणून गर्दीच्या वेळी आवाज तुटतो.

कॅमेरे आणि रेकॉर्डर दोघेही ४० मध्ये. फायरवॉलवर ४० चं इंटरनेट बंद, पण वेळ जुळवण्यासाठी फायरवॉलचाच एनटीपी उघडा ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंगवरच्या वेळा सरकत जातात. ५० वरून खासगी रेंजना मनाई, पण डीएनएसला (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेला) परवानगी. पाहुण्यांचं वायफाय जोडलं जातं पण काहीच उघडत नाही, याचं नेहमीचं कारण तेच.

आणखी एक: स्विच लेयर ३ (व्हीलॅनांमध्ये स्वतःच राउटिंग करू शकणारा) असेल तर प्रत्येक व्हीलॅनवर त्याला आयपी देऊन राउटिंग चालू करू नका. स्विच स्वतःच पाहुण्यांचा ट्रॅफिक ऑफिसात पोचवू शकतो आणि फायरवॉलच्या नियमांना पत्ताही लागत नाही. आयपी फक्त व्हीलॅन १० वर द्या.

मजला_दोन

दोघांचे आभार. इंजेक्टरचं बघतो. पोर्ट ५ चा पीव्हीआयडी बदलला, व्हीलॅन १ मधून काढला. आता पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येतोय. आणि स्विचचा स्वतःचा पत्ता व्हीलॅन १० वर नेताना मीच बाहेर फेकला जाणार नाही ना?

टॅग्ड_पोर्ट

१६९.२५४ म्हणजे डीएचसीपीचं उत्तर आलं नाही म्हणून पीसीने स्वतःच घेतलेला पत्ता. पोर्ट ५ आता खरोखर वेगळा झाला, हाच त्याचा अर्थ. पोर्ट २४ अजून व्हीलॅन १ मध्ये आहे, त्यामुळे २० ला बाहेर जायला वाट नाही. पोर्ट २४ ला वर फायरवॉलसाठी लिहिलेलं सेटिंग द्या, पत्ता मिळेल. तुम्ही वेब पान पोर्ट २४ मार्गेच उघडत असाल तर मात्र त्या बदलासरशी पान बंद होईल, म्हणून खालचं वाचल्याशिवाय हात लावू नका.

रूट_ब्रिज

बाहेर न फेकलं जाण्याची पद्धत: आधी एक पोर्ट, समजा १, व्हीलॅन १० मध्ये अनटॅग्ड करा, पीव्हीआयडी १०. लॅपटॉपला जुना पत्ता ठेवून १०.१०.१०.५० हा दुसरा पत्ताही हाताने द्या, पण अजून जुन्याच पोर्टवर राहा. मग स्विचचा व्यवस्थापन व्हीलॅन १० आणि पत्ता १०.१०.१०.२ करा. पान अडकेल, अपेक्षितच आहे. लॅपटॉपची केबल पोर्ट १ ला लावा आणि नवा पत्ता उघडा. उघडला तरच सेव्ह. नाही उघडला तर स्विचची वीज काढून परत द्या, जुनी कॉन्फिग येते. मात्र काही मॉडेलमध्ये 'अप्लाय' दाबताच कायमचं सेव्ह होतं, तिथे ही युक्ती चालत नाही. आधी एखाद्या पोर्टचं नाव बदलून, रीस्टार्ट करून खात्री करून घ्या. कन्सोल पोर्ट असेल तर त्याची केबल हाताशी ठेवा. वेग बहुधा ९६००, काहींचा ११५२००.

पुढे वरच्या मजल्याचा स्विच लांबून बदलायची वेळ आली तर नेहमी दूरचं टोक आधी बदलायचं, जवळचं नंतर. उलट केलंत की जिना चढायचा. कमांड लाइनचा स्विच असेल तर सिस्कोवर आधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवतात, काम नीट झालं की रद्द करतात. जुनिपरवर 'कमिट कन्फर्म्ड' तेच काम करतं. सिस्कोवरचा एक नेहमीचा घात: ट्रंकवर (अनेक व्हीलॅन टॅग्ड नेणाऱ्या जोडणीवर) नवा व्हीलॅन देताना 'अलाउड व्हीलॅन ४०' लिहिलं की आधीची सगळी यादी जाते आणि फक्त ४० उरतो. 'अलाउड व्हीलॅन ॲड ४०' लिहायचं.

मजल्यांची जोडणी. दोन केबली एलएसीपीने (अनेक केबली एक म्हणून वापरायच्या पद्धतीने) बांधता येतात, पण एका फाइल कॉपीला २ गिगाबिट मिळणार नाही. प्रत्येक संवाद एकाच केबलीवरून जातो, फायदा अनेक जण एकाच वेळी वापरतात तेव्हा. बांधायचंच असेल तर दोन्ही टोकांना आधी सेटिंग करा आणि दुसरी केबल त्यानंतर लावा. एका बाजूला एलएसीपी आणि दुसरीकडे स्टॅटिक, असं ठेवू नका. काही कंपन्यांच्या मेनूत 'ट्रंक' नावाखाली हीच बांधणी असते, व्हीलॅनशी तिचा संबंध नसतो.

तुमच्याकडे फायबर आहे, तर मी तीच मुख्य ठेवेन. दोन मजल्यांची वीज वेगळ्या फीडवरून असेल तर शील्ड असलेल्या तांब्याच्या केबलीने दोन्हीकडचं अर्थिंग जोडलं जाऊ शकतं, फायबरने नाही. दोन्ही टोकांना एसएक्स मॉड्यूल लावा, ८५० नॅनोमीटरचे. एक एसएक्स आणि एक एलएक्स अशी जोडी चालत नाही. पॅच कॉर्डही मल्टिमोडच, पिवळी सिंगलमोड नको. लिंक लागली नाही तर एका टोकाला दोन तंतू अदलाबदल करून बघा, निम्म्या वेळा तेवढंच असतं.

एक तांब्याची केबल राखीव लावायची असेल तर दोन्ही स्विचवर आरएसटीपी (जादा वाट बंद ठेवून लूप टाळणारी सोय) चालू आहे हे बघूनच लावा. बऱ्याच वेब स्विचमध्ये ते मुळात बंद असतं आणि दुसरी केबल लावताक्षणी लूप बसतो (डेटा गोल गोल फिरत राहतो), सगळे दिवे एकसाथ लुकलुकायला लागतात, ऑफिस ठप्प. १ गिगाबिटला दोन्हींची कॉस्ट (कमी असेल ती वाट निवडली जाते) सारखीच, २०,००० असते, म्हणून तांब्याच्या पोर्टची हाताने २,००,००० करा. तळमजल्याच्या स्विचचं प्रायॉरिटी ४०९६ करा. सगळीकडे मूळचं ३२७६८ राहिलं तर ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो रूट (सगळ्या वाटा ज्याच्यापासून मोजतात तो स्विच) होतो, आणि तो पुष्कळदा कोपऱ्यातला सर्वांत जुना स्विच निघतो.

पीसी, फोन, प्रिंटर, कॅमेऱ्यांचे पोर्ट 'एज' (पलीकडे स्विच नसलेले) करा आणि त्यांवर बीपीडीयू गार्ड लावा (आरएसटीपीचे संदेश, म्हणजे बीपीडीयू, आले की तो पोर्ट बंद करतो). जुने छोटे अनमॅनेज्ड स्विच टेबलांखाली राहणार असतील तर लूपबॅक डिटेक्शनही चालू करा, कारण काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात आणि गार्डला काही कळतच नाही.

पॅचपॅनेल

फायबरबद्दल सहमत. डीएचसीपी स्नूपिंग (खोट्या डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं अडवणारी सोय) चालू करणार असाल तर फायरवॉलचा पोर्ट आणि मजल्यांमधली जोडणी, दोन्ही विश्वासू म्हणून खूण करा, राखीव केबलसुद्धा. तिला विसरलात तर फायबर तुटेल त्या दिवशी वरच्या मजल्याला पत्ते मिळणार नाहीत.

पोर्टचा वेग ऑटोवरच ठेवा, दोन्हीकडे. एका बाजूला १०० फुल पक्कं आणि दुसरीकडे ऑटो असलं की ऑटोवाला हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) जातो. लिंक दिसते, पिंग जातो, फाइल कॉपी मात्र रांगत राहते. सगळं हलवल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक पोर्टचे सीआरसी (खराब पोचलेल्या फ्रेम) आणि लेट कोलिजनचे (उशिरा झालेल्या टकरींचे) आकडे बघा. सीआरसी वाढत असेल तर आधी पॅच कॉर्ड बदला, मग पंचिंग तपासा. लेट कोलिजन असतील तर डुप्लेक्स. आकडे शून्यावर थांबले की कॉन्फिगची एक प्रत स्विचबाहेर उतरवून घ्या आणि पोर्ट नकाशाची प्रिंट रॅकच्या दाराला आतून चिकटवा.