मदत हवी आहे: सगळ्यांनी सगळं खेळायचं, अशी बास्केटबॉल टीम कशी निवडावी?

नमस्कार मंडळी. मी एका कॉलेजच्या मुलांना संध्याकाळी बास्केटबॉल शिकवतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बारा जण निवडायचेत. सहा फुटांच्या वर एकच मुलगा आहे, त्यामुळे ठरावीक जागांचा नाद सोडून कुठेही खेळू शकतील अशी मुलं घ्यावीत, असं मनात आहे.

हे डोक्यात आलं ते २०१८ ची एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेजांची स्पर्धा) फायनल पुन्हा पाहताना. प्रशिक्षक जे राइट यांच्या व्हिलानोव्हाने मिशिगनला ७९-६२ ने हरवलं. त्या संघातला जेलन ब्रन्सन पॉइंट गार्ड (बाहेरून चाल रचणारा), पण बास्केटकडे पाठ करून डिफेंडरला रेटत आत न्यायचा आणि मदतीला दुसरा धावला की बाहेर मोकळ्या साथीदाराला पास. सेंटर (एरवी रिंगजवळ खेळणारा) ओमारी स्पेलमनही थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मारायचा, म्हणून रिंगखाली जागा राहायची. काय सुंदर खेळ!

आमचं घोडं अडलंय डिफेन्सवर. काल सरावात स्क्रीन लागला (म्हणजे एकाने उभं राहून डिफेंडरची वाट अडवली), मुलांनी स्विच केलं, म्हणजे आपापले खेळाडू अदलाबदल केले, आणि आमचा पाच फूट सात इंचांचा गार्ड त्या उंच मुलासमोर सापडला. तो पुढून अडवायला गेला, तर डोक्यावरून लॉब (उंच पास) आणि सोपा ले-अप (रिंगजवळून बास्केट). असं चार वेळा झालं.

मागच्या बाजूने मदत कोणी आणि कधी द्यायची, हे तुम्ही कसं शिकवता? आणि शेवटच्या दोन जागांसाठी उंची बघू की पासिंग? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. निवड रविवारी आहे.