डायलिसिसच्या पेशंटला अँटिबायोटिकमुळे भ्रम होतो का?

प्रश्न (सिंहगड रोड, पुणे)
आई ६८ वर्षांची, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. युरिन इन्फेक्शन झालं म्हणून अ‍ॅडमिट केलं, सेफेपिम हे अँटिबायोटिक चालू केलं, ताप उतरला पण चौथ्या दिवसापासून आई आईसारखी राहिलीच नाही. पाणी हवं असलं तरी "किल्ली दे, किल्ली दे" म्हणते, कप हातात दिला की हाताला असा झटका येतो की चहा चादरीवर, आणि काल तर मला ओळखलंच नाही हो. सिटी स्कॅन नॉर्मल. डॉक्टर म्हणतात वयामुळे होतं. पण परवाच्या संकष्टीला तिने स्वतः एकवीस मोदक वळलेत, वयामुळे असं चार दिवसांत कसं होईल?

उत्तर १
चार्टवर डोस किती लिहिलाय तो आधी बघा. माझ्या सासऱ्यांना सेम झालं होतं, आम्ही आठवडाभर लकवा समजत बसलो.

प्रश्नकर्ती
२ ग्रॅम, दिवसातून दोनदा.

उत्तर २ (मेडिसिन रेसिडेंट)
ताई, हा डोस चांगल्या किडनीचा आहे. सेफेपिम जवळपास सगळं लघवीवाटेच बाहेर जातं, किडनी बंद असली की ते रक्तात साठतं आणि मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाचं काम अडवतं, म्हणून झटके, शब्द चुकणं, भ्रम. कधीकधी मेंदूत फिट चालू असते पण अंग हलत नाही, ती फक्त ईईजीमध्ये (मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीत) दिसते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१२ मध्येच यावर इशारा दिलाय. डायलिसिसवर साधारण पहिल्या दिवशी १ ग्रॅम, मग रोज ५०० मिलिग्रॅम एवढंच देतात. आत्ताच नेफ्रोलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) फोन लावा, औषध बदलायचं का आणि ईईजी कधी करायचा ते स्पष्ट विचारा. शुगर, सोडियमपण बघायला सांगा, त्यानेही भ्रम होतो. सलाईन मात्र स्वतः काढू नका.

उत्तर ३ (डायलिसिस टेक्निशियन, हडपसर)
डायलिसिसमध्ये हे औषध बऱ्यापैकी निघून जातं, म्हणून डायलिसिसच्या दिवशी डोस नंतरच द्यायचा असतो. तुमचा टर्न कधी आहे? लवकर घेता येईल का विचारा.

प्रश्नकर्ती
ईईजीत गडबड निघाली. औषध बदललं, लागोपाठ दोन डायलिसिस झाले. आज सकाळी डोळे उघडून म्हणाली, "किती वाळलीस गं, जेवलीस का काल?" मी तिथेच रडले.