ब्राझीलमध्ये दुसऱ्या गोलीचं पुढं काय होतं?

बाकडा_नंबर_१२

मी कोल्हापूरचा, वय १९. पेठेतल्या एका फुटबॉल संघात दुसरा गोली, म्हणजे राखीव गोलकीपर आहे. तिसरा हंगाम चालू आहे आणि शाहू स्टेडियमवर आजवर एकूण अकरा मिनिटं उभा राहिलोय, तीही आम्ही ४-० ने पुढं असताना. आमचा पहिला गोली २४ वर्षांचा, धडधाकट. त्याला साधी सर्दीसुद्धा होत नाही. घरात आता "बाकडं गरम करायला निघालास का" सुरू झालंय.

वर्ल्ड कप आला की आमच्याकडं अर्धं गाव ब्राझील आणि अर्धं अर्जेंटिना. मी ब्राझीलवाला, म्हणून विचारतो. तिकडच्या क्लबांत जे दुसरे-तिसरे गोली असतात त्यांचं आयुष्य जातं कसं? पैसे मिळतात का? बाकड्यावरून उठून कुणी खरंच पुढं गेलंय, की तसेच निवृत्त होतात? आलिसन-एडरसन हे मोठे गोली सांगू नका, ते माहीत आहेत.

फुकटचा_पंच

जगातली सगळ्यात भारी नोकरी. पगार चालू, मैदानातली सगळ्यात चांगली सीट आणि चूक व्हायचा प्रश्नच नाही. उगाच रडतोयस.

साओपावलोतला_सातारकर

पंचाचं मनावर घेऊ नकोस.

मी चौदा वर्षं साओ पावलोत आहे, पेर्दीझेस भागात. पाल्मेरास क्लबाचं मैदान घरापासून चालत दहा मिनिटं. त्यामुळं माझं उत्तर एकाच क्लबाकडं झुकलेलं असणार, हे आधीच कबूल करून टाकतो.

आधी तुझ्या नावाबद्दल. १२ हा इकडं राखीव गोलीचाच नंबर. पण आमच्या गल्लीत १२ म्हटलं की म्हातारी माणसं हळवी होतात, कारण मार्कोस. हा १९९२ ला क्लबात आला. पुढं वेलोसो उभा, त्यामुळं मधूनअधून एखादा सामना, बाकी बाकडं. १९९९ ला लिबेर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) चालू असतानाच वेलोसो जखमी झाला आणि मार्कोस आत गेला. कोरिंथियान्सला पेनल्टीवर घरी पाठवलं, अंतिम सामन्यात कोलंबियाच्या देपोर्तिवो कालीलाही पेनल्टीवरच. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर बाकड्यावरून उठलेला हा. २००२ च्या वर्ल्ड कपला सगळे सामने तोच खेळला. राष्ट्रीय संघात पाठीवर १, पण क्लबात २०१२ ला निवृत्त होईपर्यंत १२ च. लोक त्याला 'संत मार्कोस' म्हणतात, आणि ते चेष्टेनं नाही.

आता उलट बाजूनं बघ. मार्कोस उभा म्हणजे त्याच्या मागं कुणीतरी बसलेला. त्यातला एक दिएगो काव्हालिएरी. मार्कोस सतत दुखावायचा म्हणून याला बरेच सामने मिळाले, नाव झालं, आणि २००८ ला थेट लिव्हरपूल! तिथं पुढं पेपे रेना. दोन हंगामांत प्रीमियर लीगचा एकही सामना नाही. म्हणजे साओ पावलोचं बाकडं सोडून जास्त थंड गावातलं बाकडं पकडलं. इटलीमार्गे परत आला, फ्लुमिनेन्सेत पहिला गोली झाला आणि २०१२ ला ब्राझीलची लीग जिंकला.

पण तुला खरा सांगायचा तो जाइल्सन. २०१६. आमचा पहिला गोली फर्नांदो प्रास, वय ३८. त्याला रिओ ऑलिंपिकच्या संघात बोलावलं, आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी, आणि सरावात कोपर मोडलं. (त्याच्या जागी ऐन वेळी वेवेर्तोन गेला आणि रिओच्या माराकाना मैदानावर जर्मनीविरुद्ध शेवटची पेनल्टी अडवून सुवर्णपदक घेऊन आला. एका कोपरानं दोन माणसांची नशिबं बदलली.) इकडं क्लबात आधी वाग्नेरला उभं केलं, ते काही जमेना. मग ऑगस्टमध्ये जाइल्सन. वय ३५. इतुआनो, ओएस्ते, सिआरा असे क्लब फिरून आलेला, आणि पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये त्याआधी एकही सामना नाही. पस्तिसाव्या वर्षी पदार्पण! आपल्याकडं त्या वयात माणूस ज्येष्ठांच्या स्पर्धेत नाव घालतो.

तो उभा राहिला तो राहिलाच. २७ नोव्हेंबरला शापेकोएन्सेला १-० हरवून पाल्मेरास चॅम्पियन, २२ वर्षांनी. मला तिकीट मिळालं नव्हतं. मैदानाबाहेर एका बारच्या दारात उभा होतो, पुढं दोनशे माणसं, टीव्ही तळहाताएवढा दिसत होता. शेवटची काही मिनिटं राहिली आणि चौथ्या पंचानं फलक वर केला. गोलीची बदली. कुणालाही काही झालेलं नव्हतं. जाइल्सन बाहेर आला आणि बऱ्या झालेल्या कोपराचा प्रास आत गेला, जेतेपदाच्या वेळी मैदानात असावा म्हणून. बारमधले लोक गोलला ओरडले नसतील एवढे त्या बदलीला ओरडले. माझ्या शेजारच्या आजोबांनी माझाच टी-शर्ट नाकाला लावला.

त्याच्या दुसऱ्याच रात्री शापेकोएन्सेचं विमान कोलंबियात मेडेयीनजवळ पडलं. ७७ पैकी ७१ गेले. त्यांचा पहिला गोली दानिलो गेला. दुसरा, जॅकसन फोल्मान, वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आणि एक निवाल्दो म्हणून ४२ वर्षांचा गोली, क्लब चौथ्या श्रेणीत होता तेव्हापासूनचा, २९९ सामने झालेले. तीनशेवा घरच्या मैदानावर खेळता यावा म्हणून त्याला या दौऱ्यावर नेलंच नव्हतं. तो तीनशेवा सामना तो कधीच खेळला नाही. बातमी आली आणि त्यानं हातमोजे ठेवून दिले.

पैशाचं उद्या लिहितो. त्यासाठी खालच्या मजल्यावर जाऊन यावं लागेल.

वास्को_ते_वास्को

मी गोव्यातल्या वास्कोची, आणि रिओच्या वास्को द गामाची चाहती. नाव जुळलं तेवढ्यावर लागलेलं हे वेड. आमच्या क्लबाचा गोली बार्बोझा. १९५० ला माराकानावर उरुग्वेकडून हरल्याचं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फुटलं, जन्मभर. ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्या दिवशी त्याच्यामागं राखीव कोण होता? फ्लुमिनेन्सेचा कास्टिल्यो, वय २२.

हा माणूस चार वर्ल्ड कपना गेला. १९५० राखीव, १९५४ पहिला, १९५८ आणि १९६२ ला जिल्मारच्या मागं परत राखीव. आणि तेव्हा बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता, वर्ल्ड कपमध्ये तो १९७० ला आला. म्हणजे सामना सुरू झाला की याला आत जायची वाटच बंद. बाकडा भाऊ, तुझी ती अकरा मिनिटं मोजून ठेव! पदकंही तेव्हा अंतिम सामन्यात खेळलेल्यांनाच. बाकीच्यांना द्यायचं फिफानं २००७ मध्ये ठरवलं, तोवर कास्टिल्यो जाऊन वीस वर्षं झाली होती.

हा मऊ माणूस होता असं समजू नका. डाव्या करंगळीला सारखी दुखापत. डॉक्टर म्हणाले बरं व्हायला महिने लागतील, तर यानं करंगळीचा अर्धा भागच कापून घेतला आणि लवकर परत उभा राहिला.

आणि सातारकर, तुमच्याच शहरातला देनिस राहिला की! रोजेरियो सेनीच्या मागं २००९ पासून बसलेला.

साओपावलोतला_सातारकर

ताई, तो शेजारच्या साओ पावलो क्लबाचा म्हणून मुद्दाम विसरलो होतो. पण सांगतो, कारण गोष्ट भन्नाट आहे.

सेनी स्वतः झेट्टीचा राखीव. १९९० ला सतरा वर्षांचा आला, कायमची जागा मिळाली ती १९९७ ला. मग निघेचना! १,२३७ सामने, फ्री किक आणि पेनल्टीवर १३१ गोल, २०१५ ला निवृत्ती. आता अशा माणसाच्या मागं बसणं म्हणजे काय? पहिला गोली दुखावेल ही आशा करायची, तर हा सहसा दुखावतही नाही, वर गोलही मारतो. २०१२ ला सेनीच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा देनिसला अर्धं वर्ष मिळालं, मग पुन्हा बाकडं. शेवटी २०१६ ला जागा मिळाली. वर्षभर खेळला. आणि २०१७ ला नवा प्रशिक्षक कोण आला? रोजेरियो सेनी. येताना सिडाओ नावाचा दुसरा गोली घेऊन आला. देनिसनं घरी जाऊन काय म्हटलं असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो.

आता पैसे. पाल्मेरासचा राखीव गोली उत्तम कमावतो, त्याची काळजी नको. पण तसे किती? इथल्या फुटबॉल महासंघानंच २०१५ चे आकडे दिले होते: २८ हजारांवर व्यावसायिक खेळाडू, त्यातले ८२ टक्के महिना हजार रेआल (इथलं चलन) किंवा त्याहून कमी पगारावर. साधारण इथल्या तेव्हाच्या किमान वेतनाएवढं. ही पहिल्या गोलींसकटची गोष्ट आहे.

आमच्या खाली एक काका राहतात, साठीच्या पुढचे. अठरा वर्षं राखीव गोली होते, सगळे क्लब साओ पावलो राज्याच्या आतल्या भागातले. आता पोरांना गोलकीपिंग शिकवतात. काल त्यांच्याकडं बसलो. त्यांनी कामगार-पुस्तिका काढून दाखवली. निळ्या कव्हरची छोटी वही असायची, प्रत्येक नोकरीचा त्यात शिक्का. अकरा क्लब. बहुतेक ठिकाणी तारखा काही महिन्यांच्याच, कारण राज्याची स्पर्धा तेवढीच चालायची आणि छोट्या क्लबाला पुढं सामनेच नसायचे. स्पर्धा संपली की बेकार. ते घरं रंगवायचे. प्रत्येक शिक्क्याच्या कडेला पेन्सिलीनं एक आकडा लिहिलेला. मला वाटलं पगार. पगार नव्हता, त्या क्लबासाठी खेळलेली मिनिटं होती. एका पानावर ९०. तीन पानांवर शून्य. एका शून्याखाली दोन रेघा, तिथं शेवटच्या दोन महिन्यांचे पैसेही बुडवले होते. क्लबाचं नाव मी लिहीत नाही, त्यांनीही ते शिव्या घालूनच घेतलं.

बाकडा_नंबर_१२

सातारकर काका, दोनदा वाचलं. पेन्सिलीचं वाचून जरा गप्पच झालो. माझ्याही वहीत ११ लिहिलेलं आहे, खरंच.

एक विचारा ना त्या खालच्या काकांना: नव्वद मिनिटं बाकड्यावर ते करायचे काय? मी पहिली वीस मिनिटं सामना बघतो, मग लक्ष उडतं.

फुकटचा_पंच

मी माझी वरची कॉमेंट मागं घेतो. पस्तिसाव्या वर्षी पदार्पण हे माहीत नव्हतं.

साओपावलोतला_सातारकर

विचारलं. पोर्तुगीजमधून मराठीत येताना थोडं सांडेल, सांभाळून घे.

ते म्हणाले, राखीव गोलीचा सामना सुरू व्हायच्या आधीच संपलेला असतो. सरावात पहिल्याला शंभर चेंडू मारायचे. तेही त्याच्या छातीवर, त्याला बरं वाटेल असे, कारण दहा मिनिटांनी तो खेळणार आणि तू नाही. एकदा पहिल्या गोलीवर राग होता म्हणून त्यांनी मुद्दाम कोपऱ्यात कडक मारले, त्यानं सगळे सोडले, सामन्यातही दोन सोडले. त्यानंतर महिनाभर प्रशिक्षक त्यांच्याशी बोलला नाही. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी सगळा संघ 'राशाओ' खेळतो, म्हणजे गल्लीतल्यासारखा दंगा, जागा-बिगा काही नाही. त्यात काका स्ट्रायकर. म्हणतात, कारकिर्दीत मारलेले गोल मोजले तर वाचवलेल्यांपेक्षा जास्त भरतील.

मग तुझा प्रश्न सांगितला. ते आधी स्वतःचाच एक किस्सा सांगायला लागले. दुसरा की तिसरा क्लब. सातव्या मिनिटाला पहिल्या गोलीला लाल कार्ड. काका बाकड्यावर चपला घालून, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले. बूट सापडले, मोजे सापडले, शिनगार्ड सापडेनात. ते बॅगेत, बॅग ड्रेसिंग रूममध्ये, आणि तिची किल्ली असलेला माणूस सँडविच आणायला गेलेला. पंच घड्याळ दाखवतोय, प्रेक्षक कोंबडीसारखे आवाज काढतायत. गोलीनं सोपा गोल खाल्ला की त्याला इकडं 'फ्रांगो' म्हणतात, कोंबडीचं पिल्लू. यांनी अजून चेंडूला हातही लावला नव्हता. शेवटी डाव्या बचावपटूच्या मापाचे जादा शिनगार्ड घालून आत गेले. बॉक्सबाहेरून फ्री किक. पहिला चेंडू. गेला आत.

एवढं सांगून त्यांनी कॉफी संपवली आणि तुझ्यासाठी एकच प्रश्न पाठवला: पोरगा बाकड्यावर बसतो तेव्हा शिनगार्ड घालून बसतो का?

बाकडा_नंबर_१२

नाही. बॅगेत असतात.

आणि बॅग मित्राच्या बाईकला अडकवलेली असते. बाईक स्टेडियमच्या बाहेर.

साओपावलोतला_सातारकर

सांगितलं त्यांना. एवढे हसले की वरच्या मजल्यावरून बायकोनं विचारलं, काय झालं म्हणून.