मदत हवी आहे : रॉथ्कोच्या चित्राच्या प्रतिकृतीला काच लावावी की लावू नये?

नमस्कार. ठाण्यातील आमच्या घराच्या दिवाणखान्यात सोफ्यामागची अकरा फूट रुंद भिंत मोकळी आहे. तिथे मार्क रॉथ्को या अमेरिकन चित्रकाराच्या चित्राची प्रतिकृती लावण्याचा माझा प्रयत्न एकदा फसला आहे, म्हणून दुसऱ्यांदा खर्च करण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा, असे ठरवले.

मुलीकडे न्यू जर्सीला गेले असताना न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचे १९५८ सालचे ‘नंबर १६’ हे तांबड्या, तपकिरी आणि काळ्या रंगांतले चित्र पाहिले. रंगांच्या कडा एकमेकींत विरत गेल्यामुळे ते आकार मागे सरकत आहेत की पुढे येत आहेत, हे कळेनासे होते आणि डोळे त्या अंधाराला सरावेपर्यंत चित्र जणू उघडतच नाही. परत आल्यावर त्याचे पोस्टर मागवले आणि नेहमीच्या फ्रेमवाल्याकडून दोन इंची पांढरा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), साधी काच आणि काळी पट्टी लावून घेतले. भिंतीवर चढवल्यावर दिवसा त्यात बाल्कनीची जाळी आणि वाळत घातलेले कपडे दिसू लागले, संध्याकाळी ट्यूबलाइट. गडद रंगावर काच आली की तिचा आरसा होतो, हे मला आधी सुचायला हवे होते. नणंदेने त्यात पाहून केस सारखे केले, त्या दिवशी मी ते उतरवले.

आता अडचणी अशा आहेत. काच काढावी तर पावसाळ्यात कागद फुगेल आणि बुरशी धरेल, असे फ्रेमवाला म्हणतो. नॉन-ग्लेअर काचेचा नमुना त्याने दाखवला, पण माउंटमुळे काच आणि चित्र यांत अंतर राहते आणि त्या अंतरातून सगळे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. कॅनव्हासवर छापून घेण्याचाही पर्याय आहे. मात्र मी पाहिलेल्या नमुन्यांत छापलेल्या रंगावर कापडाची वीण उगाच उठून दिसत होती.

दुसरा प्रश्न मापाचा. मूळ चित्र सुमारे २७१ सेंटिमीटर उंच आणि २९८ सेंटिमीटर रुंद आहे. आमच्या दारातून ते आतही येणार नाही. तीन फूट रुंदीची प्रतिकृती केली तर तिचे क्षेत्रफळ मूळच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. मुलगा जॅक्सन पोलॉक या चित्रकाराचे, रंगाच्या धारा सोडून केलेले ‘वन : नंबर ३१, १९५०’ सुचवतो, पण साडेसतरा फूट रुंदीचे ते चित्र पाच फूट रुंदीवर आणले की रंगाच्या धारांचे दोरे होतात आणि पडद्याच्या कापडाची नक्षी वाटू लागते.

शिवाय याच भिंतीवर दुपारी तीननंतर पश्चिमेचे ऊन येते. रंग किती टिकतील?

प्रतिसाद :

काचेचा विचार करण्यापूर्वी आपण चित्रच बदलावे, असे सुचवतो. १९६८ मध्ये रॉथ्कोला महाधमनीचा गंभीर विकार झाला आणि डॉक्टरांनी त्याला साधारण एक मीटरहून उंच चित्रे रंगवू नयेत, असे बजावले. त्यामुळे त्या काळात त्याने कागदावर अॅक्रिलिक रंगांत पुष्कळ काम केले. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने २०२३-२४ मध्ये त्याच्या कागदावरील चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शनही भरवले होते. यांतील एखादे निवडले तर प्रतिकृती मूळ मापाची करता येईल आणि मापाची तडजोडच उरणार नाही. अशी बरीच चित्रे तो फळीवर किंवा ताणलेल्या कापडावर चिकटवून, काच आणि माउंट न लावता टांगत असे. तेव्हा पांढरा माउंट आपणही टाळावाच; त्या चौकटीने रंगाचे पसरणे अडते.

छपाई चकचकीत कागदावर न करता मॅट (बिनचमकीच्या) सुती कागदावर पिगमेंट शाईने, म्हणजे रंगकणांच्या शाईने, करून घ्या आणि आधी वीतभर पट्टी छापून ती त्याच भिंतीवर, त्याच दिव्यांत पाहा. पाठीमागे आम्लरहित बोर्ड लावावा आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही आणि मागे हवा खेळते.

उन्हाच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनकक्षात १९६४ मध्ये लावलेली रॉथ्कोची भित्तिचित्रे मोठ्या खिडक्यांच्या उजेडाने इतकी विटली की १९७९ मध्ये ती काढावी लागली. त्यातले लिथॉल रेड हे रंगद्रव्य उजेडात टिकले नाही. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवताना प्रोजेक्टरच्या प्रकाशाने हरवलेला रंग भरून काढावा लागला. मुळाची ही गत, मग प्रतिकृती कशी वाचेल?

मुलाला पोलॉकऐवजी फ्रान्झ क्लाइन दाखवून पाहा. त्याचे १९५० सालचे काळे-पांढरे ‘चीफ’ जेमतेम १८७ सेंटिमीटर रुंद आहे, त्यामुळे चार फूट रुंदीवर आणले तरी त्याचा जोर बराच टिकतो.

धागाकर्ती :

मनःपूर्वक आभार. कागदावरील चित्रांचा विचारच माझ्या मनात आला नव्हता. काल भिंतीवर वर्तमानपत्रे चिकटवून एक मीटर उंचीचा आयत करून पाहिला. सोफ्यामागे तो लहान वाटला, पण जेवणाच्या टेबलाशेजारच्या, ऊन न येणाऱ्या भिंतीवर तेच माप नेमके बसले. आता एकच शंका उरली आहे. बिनकाचेचा कागद फळीवर पूर्ण चिकटवून घेतलेला कोणी ठाणे, मुंबई किंवा कोकणातल्या घरात दोन-तीन पावसाळे वापरला आहे का, आणि त्याच्या कडा सुटल्या का? मला प्रत्यक्ष अनुभव हवा आहे, कारण फ्रेमवाल्याने हात वर केले आहेत.