मदत हवी आहे : सिलोन राखू की आरमार? समोर माणूस असताना बचाव कसा करावा

नमस्कार मंडळी,

'वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन' हा दुसऱ्या महायुद्धावरचा संगणकीय गेम ईमेलवर, माणसाविरुद्ध खेळलेलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. प्रश्न लांबणार आहे, पण परिस्थिती सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी म्हापशाला राहतो. समोर माझा मावसभाऊ, तो वास्कोला. त्याच्याकडे जपान, माझ्याकडे दोस्त राष्ट्रं. रोज रात्री एक टर्न, म्हणजे गेममधला एक दिवस. पावसाळ्याच्या सुरुवातीला खेळायला बसलो, आता गेममध्ये २७ मार्च १९४२ उजाडलाय.

संगणकाविरुद्ध हा गेम मी दोनदा खेळलो आणि दोन्ही वेळा १९४२ सहज निभावलं. संगणक ठरलेल्या वाटेने येतो. वाट कळली की तिथे तटबंदी वाढवायची, विमानं नेऊन ठेवायची आणि थांबायचं. तीच पद्धत इथे लावली आणि तिथेच घात झाला. मी जिथे जाड असतो तिथून भाऊ वळसा घालतो, जिथे पातळ असतो तिथे बरोबर येतो. अंबोन, तिमोर, अंदमान, प्रत्येक ठिकाणी मी थोडं थोडं सैन्य ठेवलं होतं. एकेक करून सगळं गेलं. जावाच्या समुद्रात क्रूझर तीन वेगवेगळ्या तुकड्यांत पाठवल्या, त्याही तशाच एकेक करून बुडाल्या. सिंगापूर इतिहासात १५ फेब्रुवारीला पडलं, माझ्याकडून ते त्याच्या नऊ दिवस आधी गेलं.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते टँकरचं. अबादानहून कोलंबोला तेल आणणारे ताफे मी दर वेळी गेम सुचवतो त्याच मार्गाने पाठवत होतो. त्याने ते ओळखलं आणि नेमक्या त्या वाटेवर पाणबुड्या आणून बसवल्या. दोन भरलेले टँकर गेले. हा माणूस माझं बळ मोजत नाही, माझ्या सवयी वाचतो, हे मला तेव्हा कळलं.

आता हातात काय आहे ते सांगतो. 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' मी सुरुवातीलाच सिंगापूरहून काढून घेतल्या. प्रत्यक्षात त्या १० डिसेंबर १९४१ ला बुडाल्या होत्या, माझ्या कोलंबोत उभ्या आहेत. सोबत 'वॉरस्पाइट' आणि जुन्या, संथ आर-वर्गाच्या चार युद्धनौका. विमानवाहू तीन : 'इंडॉमिटेबल', 'फॉर्मिडेबल' आणि छोटी 'हर्मीस'. तिन्हींवर मिळून विमानं शंभराच्या आत. त्याची किडो बुताई, म्हणजे विमानवाहू नौकांचा मुख्य ताफा, सहाच्या सहा नौकांसकट शाबूत आहे. जावाच्या दक्षिणेला शेवटची दिसली त्याला आज अकरा दिवस झाले.

तो सिलोनवर येणार हे मला जवळजवळ नक्की वाटतं. पण येऊन काय करणार? बॉम्ब टाकून परत जाईल, सैन्य उतरवेल, की नुसता बाहेर बसून राहील? गेल्या रविवारी आग्वादच्या किल्ल्यावर गेलो होतो. तटावरून मांडवीचं मुख बघताना डोक्यात हेच चाललं होतं. सतराव्या शतकात डचांनी गोवा जिंकला नाही, मोसमामागून मोसम ते बाहेर नांगर टाकून बसले. किल्ल्याच्या तोफा नदीत शिरणाऱ्याला अडवतात. पल्ल्याबाहेर बसलेल्याचं त्या काय करणार? कोलंबोचं असंच झालं तर मी तीन महिने वाढवत आणलेली तटबंदी कशाला पुरणार?

नियमांप्रमाणे १ जानेवारी १९४३ नंतर त्याचे गुण माझ्या चौपट झाले तर गेम तिथेच संपतो. माझ्या मोठ्या नौका बुडाल्या की त्याला गुण मिळतात, तळ गेले की माझे गुण जातात. मला हा गेम १९४५ पर्यंत न्यायचाय. म्हणून थेट विचारतो : आरमार घेऊन सिलोनपुढे लढू, की ते पश्चिमेला काढू आणि सिलोन सैन्याच्या भरवशावर सोडू? मद्रासला काय ठेवू? उद्या रात्रीपर्यंत टर्न पाठवायचाय.

---

प्रतिसाद :

आधी एक सांगा. टेहळणीला कॅटालिना विमानं किती आहेत आणि ती कुठल्या दिशेला लावलीत?

---

धागाकर्ता :

दोन स्क्वाड्रन, दोन्ही कोलंबोत. दिशा ठरवून दिलेली नाही, चहूकडे फिरतात.

---

प्रतिसाद :

मग अकरा दिवस तो दिसला नाही यात नवल नाही. अर्धी विमानं अरबी समुद्र बघतायत. एक स्क्वाड्रन त्रिंकोमालीला हलवा. शोधाचा कोन नेमून देता येतो, तो पूर्व ते दक्षिण एवढाच ठेवा. सगळी विमानं रोज उडवू नका, थकलेले वैमानिक समोरचा ताफाही चुकवतात.

आता मुख्य प्रश्न. डचांची आठवण तुम्ही काढलीत ते बरं झालं, पण ती अर्धीच काढलीत. डच पावसाळा सरल्यावर येत आणि पुढचा पावसाळा लागायच्या आत त्यांना नांगर उचलावा लागे. बाहेर बसणाऱ्यालाही मोसम असतो. तुमच्या भावाचा मोसम म्हणजे तेल. सिंगापूर ते कोलंबो दीड हजार सागरी मैलांहून जास्त. नकाशावरचा एक हेक्स, म्हणजे षटकोनी घर, ४० सागरी मैलांचा, म्हणजे जवळपास ४० हेक्स. सहा विमानवाहू आणि त्यांच्या भोवतीच्या नौका पूर्ण वेगाने धावू लागल्या की तेल भराभर उतरतं, आणि मागे ठेवलेले टँकर हेच त्याचं मर्म होऊन बसतं. तुम्हाला त्याला हरवायचं नाही. तेवढे दिवस त्याला मारण्याजोगं काही सापडू द्यायचं नाही.

उरलेली अर्धी आठवण अशी, की १६३९ मध्ये डचांनी पोर्तुगीजांची तीन मोठी गॅलिअन जहाजं जाळली ती मुरगाव बंदरात. तुमच्या भावाच्या घराजवळच. किल्ला शेजारी होता, तरी बंदरात उभी असलेली जहाजं वाचली नाहीत. म्हणून आज, याच टर्नला, कोलंबो रिकामं करा.

इतिहासातही ब्रिटिशांच्या पूर्वेकडच्या आरमाराचा प्रमुख सॉमरव्हिल याने हेच केलं. ४ एप्रिल १९४२ ला एका कॅटालिनाने जपानी ताफा पाहिला आणि पाडलं जाण्याआधी खबर दिली. ५ तारखेला कोलंबोवर विमानं आली तेव्हा बंदरातली बरीचशी जहाजं आधीच बाहेर काढलेली होती. बुडालं ते काय? मुख्य ताफ्यापासून सुटलेल्या 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या दोन क्रूझर, ९ तारखेला विमानांशिवाय निघालेली 'हर्मीस', आणि बंगालच्या उपसागरात एकेकटी फिरणारी वीसहून अधिक व्यापारी जहाजं. सगळी एकटीदुकटी. मुख्य आरमार शाबूत राहिलं. तुमच्या क्रूझरचं जावाला जे झालं तेच हे.

सॉमरव्हिलचा लपलेला तळ होता अड्डू अटोल, सिलोनच्या नैर्ऋत्येला सुमारे ६०० मैलांवर. तिथे तुम्ही जाऊ नका. त्या वेळी जपान्यांना तो माहीत नव्हता, तुमच्या भावाने मात्र हा सगळा इतिहास वाचलेला असणार. संथ चार नौका थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे पाठवा, सॉमरव्हिलच्या शेवटी तिकडेच गेल्या. वेगवान तीन आणि विमानवाहू मालदीवच्या पश्चिमेला ठेवा, दर तीन-चार दिवसांनी जागा बदला. जोवर त्या कुठे आहेत हे त्याला ठाऊक नाही, तोवर प्रत्येक उतरणीच्या ताफ्याला त्याला मोठं संरक्षण द्यावं लागेल. बुडाल्या की ती काळजी मिटली त्याची.

सैन्य उतरवेल का? उतरवू शकतो, पण नीट नाही. कुठल्याही तुकडीची ठरावीक लक्ष्यासाठी पूर्वतयारी दिवसागणिक हळूहळू वाढते, आणि त्याच्या चांगल्या तुकड्या आत्ताआत्तापर्यंत जावासाठी तयार होत्या. म्हणून सिलोनचं सैन्य कोलंबो आणि त्रिंकोमाली या दोनच ठिकाणी घट्ट करा, बाकी जागा सोडून द्या. मद्रासला उतरला तर उतरू दे. हिंदुस्थानात सैन्य तुमच्याकडे रेल्वेने येतं, त्याच्याकडे समुद्रातून. आणि पाणबुड्या सिलोनभोवती फिरवू नका. सुमात्राच्या उत्तर टोकाला सबांगजवळ आणि सुंदाच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी बसवा, त्याचे टँकर तिथूनच येणार.

---

दुसरा प्रतिसाद :

वरच्या सल्ल्याशी सहमत. रसदीबद्दल एक भर घालतो. १६७९ मध्ये खांदेरीला इंग्रजांची जहाजं वेढा देऊन होती, तरी महाराजांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून बेटावर सामान पोचवत राहिल्या. वारा पडला की मोठी जहाजं जागची हलत नसत, होड्या वल्ह्यांवर निघून जात. सिलोनला एकच मोठा ताफा पाठवू नका. लहान मालवाहू जहाजं दोन-दोन करून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला चिकटून खाली पाठवा. आणि वाट दर वेळी स्वतः आखा, टँकरची चूक पुन्हा नको.

---

धागाकर्ता :

दोघांचे मनापासून आभार. कोलंबो त्याच रात्री रिकामं केलं. 'हर्मीस'वर लढाऊ विमानं जवळजवळ नव्हतीच, म्हणून तिला संथ नौकांबरोबर पाठवून दिलं. 'प्रिन्स ऑफ वेल्स' हलवताना हात जड झाला होता, तिच्यासाठीच तर मी कोलंबोची तटबंदी वाढवत आणली होती.

आज गेममध्ये ११ एप्रिल. तो ३ तारखेला त्रिंकोमालीच्या आग्नेयेला दिसला, म्हणजे कॅटालिनाने हल्ल्याच्या एक दिवस आधी पकडला. चार दिवस कोलंबो आणि त्रिंकोमालीवर विमानं आली. धावपट्ट्या उखडल्या, बंदरात दोन जुनी मालवाहू जहाजं गेली, हरिकेनचं एक स्क्वाड्रन निम्मं झालं. सैन्य उतरलं नाही. सातव्या तारखेला रात्री भावाचा फोन आला, "जहाजां खंय व्हेलीं रे तुवें?" (जहाजं कुठे नेलीस रे?) मी काही बोललो नाही. आठव्याला तो पूर्वेकडे वळला, आणि काल सबांगजवळ माझ्या पाणबुडीने त्याच्या एका टँकरला टॉर्पेडो मारला. बुडाला की नाही ते अजून कळलेलं नाही.

कॅटालिना आता पूर्वेलाच ठेवू, की एक स्क्वाड्रन दक्षिणेला कोकोस बेटांकडे वळवू?